बायजाला मी खाली ठेवून आले

४ मे १९६९, रविवार

निबंधात पहिली आले म्हणून शाळेतल्या बाईंनी ही वही दिली. म्हणाल्या, "रोज लिही, आवडी, पण खरं लिही." रोजचं काय डोंबल लिहायचं? शेण, पाणी, लाकडं. पण आज घरात लिहिण्यासारखं झालंय.

मैनाताईचं लग्न शुक्रवारी आहे. पाव्हणे खालापूरकडचे, दोनशे पान तरी उठणार. आणि घरात भांडी नाहीत! गावाची मोठी भांडी देवळात असतात, ज्याच्या घरी लग्न त्याने न्यायची. यंदा त्याच मुहूर्तावर सदूकाकांकडेही लग्न आहे, आणि त्यांनी आधीच सांगून ठेवलं. आमचा बा 'उद्या सांगतो, परवा सांगतो' करत बसला. आता कशेळ्याला जाऊन आला, भिवपुरीला जाऊन आला, सगळीकडे लग्नंच लग्नं.

"पावन्यांना काय ओंजळीत भात वाढायचा?" आय म्हणाली.

"गप बस गं जरा," बा म्हणाला, आणि ओटीवर खाली मान घालून बसला. मला नाही आवडत बा असा बसलेला.

आमच्या गावाखाली पेज नदीत हांडेकोंड नावाचा खोल डोह आहे. पूर्वी लग्नघरच्या माणसाने काठावर सुपारी ठेवायची आणि भांडी मागायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी हांडे आपोआप वर तरंगायचे. मग कुणीतरी एक हांडा दाबून ठेवला आणि कोंड रुसला, असं सगळे सांगतात.

दुपारी मी हे बायजाला बोलले. बायजा माझी मैत्रीण. वरच्या ठाकरवाडीतली. तिची आई धाऊ आमच्याकडे गोठा काढायला येते, बायजा पण येते. आय दोघींना चहा देते. त्यांचे कप गोठ्याच्या वळचणीला खोचलेले असतात, तिथून त्या आपले आपण घेतात. बायजा शाळेत येत नाही पण पोहण्यात मासोळी आहे. मला ती जाम आवडते.

ती म्हणाली, "कोंडात कपार हाय. वीजघराचं पाणी बंद झालं की दिसते. आतून वारा येतो गं."

मंगळवारी आणि शुक्रवारी बाराच्या सुमाराला वरचे वीजघरवाले नदीत सोडलेलं पाणी बंद करतात. दोनच्या आत भोंगा वाजतो, आणि मग पाणी परत सुटतं. म्हणजे परवाच!

६ मे, मंगळवार

केसांचं पाणी वहीवर पडतंय. अक्षर वाईट येईल.

आम्ही गेलो. कोंड खाली बसला होता, कपार उघडी पडली होती. पुढे बायजा, मागे मी. आत काळोख, मग नाकातोंडात पाणी, मग मी हातपाय मारत वर आले, आणि बघते तर काय, मी दुसऱ्याच गावाच्या तळ्यातून बाहेर येत होते!

तिथे आभाळाच्या जागी पाणी आहे. वरून मासे जातात आणि त्यांच्या सावल्या शेतांवरून सरकतात. मे महिना असून भात पोटरीला आलेलं. घरं आमच्यासारखीच, पण एकाही घरातून धूर नाही. आणि भांडी! अंगणात भांडी, बांधावर भांडी, उतरंडीच्या उतरंडी. एका हांड्याला बायजाने कान लावला आणि ओरडली, "आवडे, ह्यात लगीन चाललंय!" मी पण कान लावला. खरंच आत बायका हळदीची गाणी म्हणत होत्या, कुणीतरी खोकत होतं, एक पोर रडत होतं. दुसऱ्या हांड्यात दुसरं लग्न. ज्या ज्या लग्नात ते भांडं गेलं, ते सगळं त्यात राहिलेलं. काही हांडे मात्र मुके होते.

एक बाई चिंचेने भांडी घासत होती. काळीसावळी, कासोटा घातलेली, धोंडूबाई तिचं नाव. बायजाने कमरेची भाकर सोडून तिला दिली. त्या बाईने काय करावं? सगळ्या गावाला हाका मारल्या! पंधरा-वीस माणसं आली, आणि त्या एका नाचणीच्या भाकरीचे नखाएवढे तुकडे करून डोळे मिटून खाल्ले. कसली हावरट माणसं, मला तर हसूच आलं.

मग मी भांडी मागितली. धोंडूबाई म्हणाली भांडी नेशील तर मागे तारण ठेव. त्यांचा तसा नेमच आहे म्हणे. माझ्याकडे काहीच नव्हतं. मग बायजा राहिली. तिची ती राहिली. एवढ्यात भोंगा वाजला आणि मी सुटले. "लगेच येते गं!" म्हणून आले मी तिला.

पाणी सुटलं तसे कोंडात एकामागून एक चार हांडे, तीन पातेली, दोन पराती आणि एक डाव वर आला. तांब्याची भांडी, आणि तरंगत होती! मी काठावरून बोंब ठोकली. अख्खा गाव धावला.

७ मे, बुधवार

आज मला गावात राणीचा मान. सुवासिनींनी मला पाटावर बसवून कुंकू लावलं. गावात सगळ्यांत म्हातारे मोरूआजोबा म्हणाले, साठ वर्षांनी कोंड पावला, पोरीचा हात गुणाचा. बा मला खांद्यावर घ्यायला निघाला होता, बारा वर्षांच्या घोडीला! हांडे माझ्या सुपारीमुळे वर आले असं मीच सांगितलं. कपारीचं काही बोलले नाही. बोलले असते तर बायजाचं विचारलं असतं.

खरं सांगू का, मला मजा आली. कुंकू लावत होत्या तेव्हा बायजा माझ्या ध्यानातसुद्धा नव्हती.

संध्याकाळी धाऊ आली. "आवडीबाय, माझी बायजा दिसली का तुला?"

मी म्हटलं, "नाय गं. मामाकडे गेली असंल."

"मामाकडं न सांगता? बरं." आणि ती गोठा काढायला गेली. रोज दोघी काढतात, आज एकटीने काढला. मी माजघरात भिंतीला पाठ लावून उभी राहिले.

९ मे, शुक्रवार

लग्न झालं. भात मोकळा झाला, वरण उरलं, पाव्हण्यांनी नावाजलं. बा ताठ मानेने फिरत होता.

अक्षता टाकताना भोंगा वाजला. म्हणजे बारापासून कपार उघडी होती आणि मी शालू नेसलेल्या ताईच्या मागे करवली म्हणून मिरवत होते. जाता आलं असतं. 'जरा परसात जाऊन येते' म्हटलं असतं तर कुणी अडवलं नसतं. मी अक्षता टाकल्या आणि जेवायला बसले. दोनदा भात घेतला.

११ मे, रविवार

चांगोमामा आले, त्यांच्या मुलाच्या वरातीला भांडी हवीत. बा लगेच म्हणाला, "न्या की! मंगळवारी कोंडात सोडायची हायेत, त्याच्या आत आणा." जणू काय आमच्याच घरची. मी म्हटलं, "आधी परत द्यायला नकोत का?" तर हसला. "दोन दिसांनी काय बिघडतंय?"

काय बिघडतंय ते मला माहीत आहे आणि जीभ रेटत नाही.

धाऊ बायजाच्या मामाकडे जाऊन आली. पायी. तिथे बायजा नाही. तिने आमच्या अंगणात बसून आयला विचारलं, तर आय म्हणाली, "तुमच्या पोरी अशाच गं. येईल भूक लागल्यावर." वाईट नाही बोलली आय, सहज बोलली. सदूकाकांचा रेडा हरवला होता तेव्हा सगळा गाव तीन दिवस रान तुडवत होता. बायजाला शोधायला कुणी निघालं नाही. मी तरी कुठे निघाले?

आता एक लिहायचंच आहे. मंगळवारी मी या वहीत खोटं लिहिलं. स्वतःच्या वहीत! धोंडूबाईने तारण मागितलं नव्हतं. मी भांडी मागितली तेव्हा ती फक्त म्हणाली, "ने की." एवढंच. मला खरं वाटेना. एवढे तांब्याचे हांडे, आणि नुसतं 'ने की'? आमच्याकडून वाडीवरच्या कुणी काही नेलं की त्या घरचं एक माणूस मागे कामाला राहतं, असंच मी जन्मापासून बघतेय. धाऊ तशीच आमच्याकडे आली. म्हणून मी आपणहून म्हणाले, "हिला ठेवते. भांडी दिली की घेऊन जाईन." बायजाला विचारलंसुद्धा नाही. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

आणि भोंगा? भोंगा नंतर वाजला. चांगला नंतर. ती मला कपारीपर्यंत पोचवायला आली होती.

मी इतकी वाईट आहे हे मला माहीत नव्हतं. शी!

१३ मे, मंगळवार

आज भांडी परत दिली. म्हणजे द्यायला गेलो. चांगोमामांनी काल आणून दिली तशी आयने ती दिवसभर राखेने आणि चिंचेने घासली, देवाची भांडी म्हणून अंघोळ करून, उपाशीपोटी. एक शीत राहू दिलं नाही. चेहरा दिसत होता त्यात. मोरूआजोबांनी नारळ वाढवला, वाजंत्री लावली आणि बाराच्या ठोक्याला बाने हांडे पाण्यात सोडले.

बुडेनात! तांब्याचे हांडे टरबुजासारखे तरंगत बसले. बाने काठीने दाबले, दोघंजण वर बसले, तरी नाही. मग ते हळूहळू आपले आपण काठाला आले आणि चिखलात कलंडले. वाजंत्री थांबली. सगळे माझ्याकडे बघायला लागले, गुणाच्या हाताची ना मी!

मी पाण्यात उडी मारायला हवी होती. कपार दहा हातांवर होती. पण भांडीच घेत नाहीत म्हणजे रागावले असणार, आता गेले तर मलाच ठेवून घेतील, असं मनात आलं. आणि मग मी काय केलं? मी रडले. बायका म्हणाल्या, पोरगी घाबरली, घरी न्या. घरी आणलं. दूध दिलं. मी प्यायले.

१४ मे, बुधवार

सांगितलं.

आधी बाला सांगायला गेले होते. सकाळी खळ्यावर एकटा होता. मी सगळं सांगितलं, कपारीपासून. त्याचा चेहरा उतरला. बराच वेळ गवताची काडी मोडत बसला. मग म्हणाला, "हे कुनाला बोललीस? नको बोलूस. मैनाच्या सासरी कळलं तर काय म्हनतील, असं माणूस अडकवून भांडी आणली? वाडीची पोर हाय, काटक असते. येईल."

मला वाटलं होतं तो मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

तशीच उठून वाडीवर गेले. याआधी कधी वाडीत आत गेले नव्हते, टेकाडावरून हाक मारायची, बायजा खाली यायची. धाऊ कुडाला शेण लावत होती. मी बोलायला लागले आणि थांबले नाही, खोटंसुद्धा सगळं सांगितलं, मामाकडचंसुद्धा. ती शेणाच्या हाताने खाली बसली.

"जिती हाय?" तिने विचारलं.

"हाय गं. मी ठेवली तवा होती."

"खाते काय?"

मला माहीत नव्हतं. मी तिकडच्या धूर नसलेल्या घरांचं सांगितलं, भाकरीच्या तुकड्यांचं सांगितलं, ज्याला मी हसले होते ते. मग हांडे बुडत नाहीत ते सांगितलं. धाऊने मान वर केली.

"काय घालून सोडले?"

"काय म्हणजे? काय नाय. घासून लख्ख केले, देवाचे म्हणून."

"रिकामे? अगं बाय, उसनं भांडं कुनी रिकामं देतं का? तुज्या आयशीकडं वाटी नेली तर मी चार बोरं तरी घालून आणते." मग ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "त्यांच्यात चूलच नाय. पाण्याखाली चूल पेटंल कशी. भांड्यातून जाईल तेवढंच त्यांचं शिजलेलं."

शेजारी वाटी द्यायची तर आय चिमूटभर साखर टाकल्याशिवाय देत नाही. हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. आणि देवाचं भांडं म्हणून सगळ्या गावाने उष्टं-खरकटं धुऊन काढलं, आणि कोंडातल्या माणसांना साठ वर्षं उपाशी ठेवलं. कोंड रुसला तो रिकाम्या हांड्यांमुळे, हांडा कुणी चोरला नव्हताच.

धाऊ मला एक शब्दसुद्धा वाईट बोलली नाही. नुसतं म्हणाली, "शुक्रवारी तांदूळ घेऊन ये."

१६ मे, शुक्रवार

कणगीतून तांदूळ काढले, न विचारता. आयने पाहिलं. मला वाटलं ओरडेल. तिने अर्धी पायली अजून घातली आणि गूळ दिला, आणि तोंड फिरवलं.

धाऊने काठावर तीन दगडांची चूल मांडली आणि त्याच हांड्यांत पेज शिजवली. मोरूआजोबा वरून ओरडले, "देवाच्या भांड्यात वाडीचं शिजवलेलं?" धाऊने ऐकलं नाही असं दाखवलं. मी मात्र ओरडले, "मीच सांगितलंय! आणि सुपारीने नाय आले हांडे, मी बायजाला गहाण ठेवून आणलेत!" बा तिथेच होता. त्याने खाली बघितलं. आता मैनाताईच्या सासरी कळणारच. कळू दे.

पाणी बंद झालं. प्रत्येक भांड्यात दोन-दोन डाव पेज घातली आणि सोडली. गेली की! एक एक करून शहाण्यासारखी खाली गेली. मी मागून कपारीत शिरले. यावेळी पुढे कुणी नव्हतं.

वर आले तर सगळं गाव भांड्यांभोवती बसलेलं. कुणी हिसकाहिसकी करत नव्हतं. धोंडूबाई डावाने प्रत्येकाच्या तळव्यावर वाढत होती, आणि पोरं पेजेच्या वाफेत तोंड घालून हसत होती. त्यांनी वाफ कधी पाहिली नव्हती.

बायजा तळ्याच्या काठावर बसली होती, जिथे मी तिला सोडलं तिथेच. वाळली होती. ओच्यात भिजवलेले कच्चे तांदूळ होते.

मी धोंडूबाईच्या पायाशी जाऊन म्हणाले, "आता मला ठेवा. हिला जाऊ द्या."

धोंडूबाईला कळेचना. "आमी कवा कुनाला ठेवलं गं? तूच टाकून गेलीस. आमी रोज म्हंतो हिला, कपार उघडी हाय, जा बाय घरी. ही हलत नाय."

मी बायजाकडे वळले. "मग आली का नाहीस?"

"तू ठेवते म्हणालीस ना," बायजा म्हणाली. "मी निघून आले असते आन् ह्यांनी भांडी वडून घेतली असती, तर? मैनाताईचं लगीन ऱ्हायलं असतं."

एवढंच म्हणाली. माझं मेलं डोकं फुटलं असतं तर बरं. दहा दिवस ती त्या काठावर बसून ताईचं लग्न राखत होती, आणि मी वर दोनदा भात घेत होते.

"लगीन झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"कधी?"

मी परकराचं ओलं टोक पिळायला लागले. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं. मग ती उठली, धोंडूबाईच्या गळ्यात पडली आणि माझ्याशी न बोलता कपारीकडे चालायला लागली. भोंगा वाजला. मी तिला पुढे घातलं, मी मागे राहिले. बाहेर आलो तेव्हा पाण्याचा लोंढा पायाला लागत होता. धाऊने कमरेएवढ्या पाण्यात येऊन तिला ओढून घेतलं आणि तिथेच, सगळ्यांसमोर, पाठीत दोन धपाटे घातले आणि मग सोडेचना. दोघी एकदा रडत होत्या, एकदा हसत होत्या. मी बाजूला निथळत उभी होते. मला कुणी टॉवेल दिला नाही आणि ते बरोबरच होतं.

१८ मे, रविवार

काल धाऊ कामाला आली नाही. आजही नाही. बा म्हणाला, "निरोप धाडू का?" आय म्हणाली, "कोणत्या तोंडानं?" गोठा मी काढला. हाताला फोड आले. ते कुणाला दाखवायला नाही लिहीत, आले म्हणून लिहिते.

दुपारी वाडीवर गेले. बायजा करवंदं निवडत होती. बसायला सांगितलं नाही, मी बसले. माफी कशी मागायची ते रस्ताभर घोकलं होतं, निबंधाच्या वरताण. पण तीच आधी बोलली.

"आवडे, एक विचारू? त्या दिशी माज्या जागी सदूकाकाची पोर शेवंता तुज्यासंगं असती, तर तिला ठेवली असतीस?"

मी 'हो' म्हणू शकले असते. तिला थोडं बरं वाटलं असतं, मलाही. खूप खोटं बोलले होते, त्यात आणखी एक.

"नाय," मी म्हटलं.

बायजाने मान हलवली. हातातलं करवंद टोपलीत टाकलं. "मला तिथं बसल्या बसल्या तेच वाटत व्हतं," ती म्हणाली. "आज तू खरं बोललीस."

उन्हं उतरायला लागली तशी मी उठले. "येते गं," म्हटलं. टेकाडावर पोचेपर्यंत तीनदा मागे वळून बघितलं. ती करवंदं निवडत होती. 'ये' म्हणाली नाही.